बाईनं पळवलेला आचारी

"काय वाचायलीस गं एवढं? दूध उतू चाललंय तुझं," काकूंनी भिंतीवरून हटकलं. अंबाजोगाईत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर वाळवण कमी आणि बातम्याच जास्त सुकतात.

गॅस बंद करून आले. "कादंबरी आहे काकू, समुद्री लुटारूंची. एली ब्राऊन नावाच्या लेखकाची, २०१३ सालची. ‘सिनॅमन अँड गनपावडर’."

"हितं मांजरा धरण भरंना, आन तू समुद्रात! काय व्हतंय त्यात?"

"गोष्ट १८१९ सालातली. हॅना मॅबट नावाची कप्तानीण एका बड्या साहेबाला ऐन जेवणाच्या वेळी ठार मारते आणि त्याचा आचारी उचलून जहाजावर नेते. दर रविवारी तिला खास पक्वान्न करून घालायचं, तरच जीव वाचणार."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "उचलून न्यायचं आन मन राखून रांधाय लावायचं. आमच्यात त्याला लगीन म्हणतेत!"

तोच तर मला आवडलेला भाग. चुलीपुढं यावेळी बाप्या आहे, आणि ताटावर बसून नावं ठेवणारी बाई! बरं, जहाजावर धड सामान नाही, पिठात किडे. तरी हा गडी पीठ आंबवतो. डबा सदऱ्याखाली, अंगाच्या उबेला. भोवती तलवारी चालल्यात, माणसं कापली जातायत आणि हा विरजण सांभाळतोय! मग पाव होतो. वाचताना अंगावर काटा आला. पुढं तर चहाच्या धुरावर मासा शिजवतो, अननस नि केळं आंबवून पेय करतो.

"ते रविवारचं झालं," काकू म्हणाल्या. "बाकीचे सहा दिवस त्या खलाशांना कोण घालतंय?"

"दुसरा आचारी आहे. त्याच्या रांधण्याला हा नाकं मुरडतो."

काकूंचा चेहराच बदलला. काका होते तेव्हा त्यांचा दोघांचा मिळून एक कोयता. दसरा झाला की ऊस तोडायला सांगलीकडं, ते पाडव्याच्या सुमाराला परत. "रातच्या तीनला उठायचं. तीन दगडांवर तवा. भाकरी, ठेचा, असलं तर हुलग्याचं माडगं. पिठात किडे आमच्याबी व्हते गं, चाळायचं आन थापायचं. त्याच्यावर कुणी पुस्तक न्हाई लिवलं."

खरं सांगायचं तर तोवर मला हे खटकलंच नव्हतं. आता मात्र तो आचारी जरा लाडावलेला वाटायला लागला. त्याच्या रविवारच्या ताटाची पानंच्या पानं वर्णनं, आणि रोजच्या घमेलाभर कालवणाला तुच्छता. पण म्हणून पुस्तक टाकून देववत नाही. जहाजावर एक राक्षसासारखा गडी आहे, तो फुरसतीत लोकर विणतो! एका बहिऱ्या पोरावर तर आचारी पोटच्या लेकरासारखी माया करतो.

"आन ती बाई नुसती चोरटीच का?"

"तेच तर. अफूचा धंदा करणाऱ्या व्यापारी कंपनीवर तिचा राग. तिलाच ती लुटते. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे की. मराठी आरमाराचे सरखेल ते. दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज सोडायचे नाहीत, म्हणून चाचा! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी हात हलवत परत गेले."

"कोकणातली माणसं येत्यात ना आपल्या योगेश्वरीला, कुलदेवी त्यांची. त्यांच्या तोंडून ऐकलंय ते नाव. मग हरवलं कुणी त्यांना?"

"कान्होजींना नाही. ते गेले १७२९ ला. पुढं १७५६ मध्ये विजयदुर्गला आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशवेच होते."

"घरचेच! शेताच्या बांधावरबी हेच असतंय," म्हणत त्यांनी मुठीतल्या शेंगा भिंतीवर ओतल्या. "ते जाऊ दे. आचारी पळून जातो का न्हाई?"

"बघतो की पळायला. पण परत तिच्याकडंच जातो."

"फडावरनंबी पळायचे काही जण. पण उचल घेतलेली असली की मुकादम गावात दारात येऊन बसायचा. ह्यानं काय उचल घेतलीया? मग परत कशाला जातो?"

"जीव जडतो तिच्यावर." इथं मी जरा अडखळलेच, कारण ते मलाही नीटसं गिळवलेलं नाही. प्रेमाचं जाऊ दे, पण ज्या साहेबाचं मीठ खाल्लं त्याला मारणाऱ्या बाईच्या ताटात मीठ किती घालायचं, याचाच विचार तो करत बसतो.

"आत्ता गं बया!" काकूंनी शेंग फोडली. "आन तिला तरी आवडतो का, का नुसतं जेवणच?"

"ते शेवटी कळतं."

"मग वाच की लवकर. उद्या सकाळी येसर दळायला काढणारे मी, तवा ये इकडं. पर त्या अननसाचं काय घातलं होतं, तेबी बघून ये."