नावेच्या पोटातलं तीर्थ

ब्लूमिंग्टन, मिनेसोटा
दि. १८ मे

ती. आबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फक्त तुमच्या चिरंजीवांच्या अंगाला पेट्रोलचा वास येतो, आणि तो साबणाने जात नाही. डाळीच्या पिठानेही गेला नाही. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्यापासून इतकी लांब खुर्ची टाकून का बसले होते, असं आईंनी विचारलं होतं. त्याचं उत्तर हे.

आम्ही बोट घेतली. म्हणजे त्यांनी घेतली, मला कळवलं. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात नुसती दहा एकरांहून मोठी तळी मोजली तरी ती ११,८४२ भरतात. स्वतःच्या जाहिरातीत आकडा कमी सांगणारं सरकार मी तरी दुसरं पाहिलं नाही. एवढं पाणी असताना काठावरून बदकं किती वर्षं मोजायची, हा चिरंजीवांचा सवाल.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात ताडपत्रीखाली ही सतरा फुटी फायबरची बोट होती. ट्रेलरसकट, मागे आउटबोर्ड इंजिन. "जरा उभी होती इतकंच," आजोबा म्हणाले. 'जरा' म्हणजे किती, ते बोटीच्या कडेला चिकटवलेल्या नोंदणीच्या स्टिकरवर छापलेलं होतं: २०१३. चिरंजीवांनी सीटा दाबून पाहिल्या, मासे ठेवायचा हौद पाहिला, कप ठेवायच्या खळग्या मोजल्या. काटा अर्ध्यावर दिसला तेव्हा तर फारच खूश. "अर्धी टाकी पेट्रोल फुकट!"

घरी आल्यावर मी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलचा वास येईना. सुताराच्या दुकानातला येत होता. वार्निशचा. जुन्या पेट्रोलमधला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकटा धरतो आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. रंगही गडद होतो.

आता आबा, पुढचं जरा मन घट्ट करून वाचा. इथेनॉलविरुद्ध तुम्ही काही ऐकून घेत नाही, हे मला ठाऊक आहे. वाळव्यात आपला ऊस, तिकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळायला लागले तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. इथे तो मान मक्याला, आणि नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं काही नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं. बोटीच्या टाकीला हवेसाठी बारीक नळी असते. दिवसा तापलं की हवा बाहेर, रात्री गार पडलं की दमट हवा आत. अर्धी रिकामी टाकी असली की ही ये-जा अधिक. लिटरमागे साधारण पाच मिलीपर्यंत पाणी हे पेट्रोल पोटात ठेवतं, थंडीत त्याहून कमी. आणि इथली थंडी तुम्ही पाहिली आहेच. त्यापुढे गेलं की पाणी इथेनॉलला हाताशी धरून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं.

तळातला थोडा माल मी काचेच्या बरणीत काढला. मिसळीच्या कटावर तर्री तरंगावी तसे दोन थर: वर तांबूस पेट्रोल, खाली गढूळ पाणी-इथेनॉल. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते, म्हणजे पहिला घोट त्या गढुळाचाच. यावर बाटलीतलं औषध ओतून उपयोग नसतो. सगळं उपसायचं.

इथे आबांचा व्हिडिओ कॉलवरचा सल्ला आला: नळी घाला आणि तोंडाने ओढा, मी राजदूत मोटारसायकलचं आयुष्यभर तसंच काढलं. आबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी सुनेचा अधिकार वापरून तो सल्ला फेटाळला. पेट्रोल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचं मातेरं होतं. मग चिरंजीव म्हणाले, गॅरेजमधला व्हॅक्युम लावू. त्याच्या मोटारीत ठिणगी असते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साचून राहते. विधवा व्हायची मला घाई नाही, एवढंच बोलले.

शेवटी बोट अंगणात उघड्यावर, बॅटरी काढून ठेवलेली, अग्निशामक नळकांडं हाताशी, आणि हातपंप. पंपाची नळी आत घालायला काट्याचं यंत्र काढावं लागतं, आणि ते टाकीवर पाच स्क्रूंनी बसवलेलं असतं. चार निघाले, पाचव्याने दुपार खाल्ली. ट्रेलरचं तोंड वर उचललं, म्हणजे माल मागच्या बाजूला जमतो. कॅन भरताना ते जमिनीवरच ठेवायचे, स्थिर विजेमुळे. टाकीच्या आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या भिंती असतात, त्यांच्या कोपऱ्यांत गाळ लपतो. त्यासाठी थोडं ताजं पेट्रोल घालून आम्ही दोघांनी बोट हलवली, उपसली, पुन्हा हलवली. शेजारीण खिडकीतून बघत होती. जमिनीवरची बोट दोघं मिळून का झुलवताहेत, हे तिने विचारलं नाही. इथली माणसं सभ्य आहेत.

जुन्या रबरी नळ्या आतून भुगा सोडत होत्या, त्या बदलल्या. पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा. उपसलेला माल "लॉनवरच्या तणावर ओतू" ही सूचना मी ऐकलीच नाही. गावातच हेनेपिन काउंटीचं केंद्र आहे, तिथे असा घातक कचरा घेतात. आता टाकीत बिनइथेनॉलचं भारी पेट्रोल जातं; बोटी आणि जुन्या गाड्यांसाठी इथल्या कायद्याने तेवढी सूट ठेवली आहे. आबा, मक्यावाल्यांना आम्ही सोडलं, उसावर राग नाही.

शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेला माणूस होता. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारेपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याने आउटबोर्ड इंजिन केलं, अशी गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्याने ती विकायला काढली. आमच्या संसारात प्रेमाने लावलेला शोध एकच: पेट्रोलच्या कपड्यांना वेगळी दोरी.

इंजिन सुरू झालं. धूर निघाला, नातवाने टाळ्या वाजवल्या. जुलैत तुम्ही याल तेव्हा फेरी ठरलेली. आईंसाठी लाइफ जॅकेट घेतलं आहे. साडीवर बसतं का, ते मी माझ्या काठापदरावर घालून पाहिलं. बसतं, पण पदर आधी खोचावा लागतो.

कळावे, लोभ असावा.
तुमची सून

ता. क. आबा, गोठ्यामागे राजदूत किती वर्षं उभी आहे? एकदा टाकीचं झाकण उघडून वास घ्या. विडी घरात ठेवून.