संख्याबळ : एक

पळस्प्याला मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो आणि त्याचं चौपदरीकरणही इथूनच सुरू झालं. पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर, साल २०११. त्यानंतर किती मंत्र्यांनी पाहणी केली आणि किती गणपती खड्ड्यांतून गेले, हा हिशेब कोकणी माणूस बोटांवर करतो आणि बोटं संपली की सोडून देतो. या रस्त्यावर कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. पाटी दिसेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. चुकून उतरलातच, तर वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा बघून या.

फडके म्हटलं की आपल्याला दाढी, पटका आणि तलवार आठवते. आद्य क्रांतिकारक. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, म्हणजे आपल्याकडून हिशेब मिटला. पण तलवार हातात घ्यायच्या आधी या माणसाच्या हातात बरीच वर्षं बोरू होता. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून! बंडखोर बहुतेक रानातून येतात, हा खातेवहीतून आला. म्हणूनच त्याचं बंड सरकारला जास्त झोंबलं असावं. तलवारीचा बंदोबस्त करता येतो, बेरीज येणाऱ्या माणसाचं काय करायचं?

रजेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आई शिरढोणला आजारी. रजेचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. शेवटी हा तसाच निघाला, पोचला तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धाला रजा मागितली, तीही नाही. साम्राज्यं तोफांनी खिळखिळी होतात म्हणे. इथे सुरुवात एका न झालेल्या सहीने झाली.

पण नुसत्या रजेवर बंड होत नाही, नाहीतर आपल्या प्रत्येक तहसील कचेरीत आज एकेक क्रांती उभी असती. या कारकुनाने पुण्यात न्यायाधीश रानड्यांची व्याख्यानं ऐकली होती. देशातला पैसा बाहेर कसा जातो, उद्योग कसे बुडतात, हे तिथे आकड्यांनी सांगितलं जाई. मग १८७६ चा दुष्काळ आला आणि व्याख्यानातले आकडे रस्त्यावर मरून पडलेले दिसू लागले.

तेव्हाचे साहेब होते सर रिचर्ड टेंपल. हा गृहस्थ मूळचा निर्दय नव्हता, हीच तर गंमत. १८७४ च्या बंगालच्या टंचाईत त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले. त्यावर ‘फार खर्च केला’ म्हणून वरून बोलणी बसली. मग दख्खनच्या दुष्काळात साहेब शहाणा झाला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा! जास्त दिलं तर लोक आळशी होतील, तिजोरी रिकामी होईल. मजूर कामं सोडून निघून गेले, सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज पाठवले. टेंपल १८७७ मध्ये मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. काटकसरीचं बक्षीस पूर्वीही बढतीच असे.

त्याच सुमाराला विलायतेत सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या देशात परीक्षा द्या आणि तुमच्याच जिल्ह्यात साहेब होऊन या. जागा सर्वांना खुल्या होत्या, फक्त दार दिसत नव्हतं. वय निघून चाललं म्हणून पुण्याच्या रस्त्यावर बसणाऱ्या आजच्या एमपीएससीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मग मे १८७९. फडक्यांनी सरकारला जाहीरनामा धाडला. तो वाचताना तलवार बाजूला ठेवा, मागण्या बघा. लोकांना हाताला काम द्या, त्यासाठी मोठी सार्वजनिक कामं काढा. करांचा बोजा कमी करा. गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा. रोजगार, कर, नोकरशाहीचा खर्च. आज अर्थसंकल्पावरच्या चर्चेत याहून वेगळं काय बोलतात? (शेरोशायरी सोडून.) नाही ऐकलंत तर बंड, हे शेवटचं कलम तेवढं सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकावं लागेल.

सरकारने उत्तर दिलं. मागण्यांना नव्हे, माणसाला. त्याच्या डोक्यावर इनाम लागलं. यानेही उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. प्रश्नोत्तराचा तास इतका चुरशीचा पुन्हा झाला नाही.

त्याच महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. कुणी पेटवले? फडक्यांनीच, दुसरं कोण! पुढे निष्पन्न झालं की आग सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्याच एका नोकराने लावली होती, आपली अफरातफर झाकायला. सरकारी इमारतीला आग लागली की संशयित बाहेर शोधायचा आणि कागद आत जळू द्यायचे, ही रीत तेव्हापासूनची. २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं तेव्हा कुणाला काही आठवलं का, माहीत नाही. आम्हाला आठवलं.

न्यायाधीश रानड्यांचं काय झालं? धुळ्याला बदली! वर त्यांच्या टपालावर नजर. अर्थशास्त्रावरच्या अवघड प्रश्नाला सरकारदरबारी हे सर्वांत जुनं उत्तर आहे. तुकाराम मुंढ्यांच्या बदल्यांचा आकडा विसाच्या पुढे गेलाय. त्यांनी धुळ्याची नव्हे, महाराष्ट्राचीच मालिका पुरी करत आणली.

आता आजचं. राज्य सरकारची मंजूर पदं सव्वासात लाखांच्या आसपास आणि त्यांतली रिकामी जवळजवळ अडीच लाख, असे आकडे २०२३ मध्ये बाहेर आले. म्हणजे तीन खुर्च्यांतली एक मोकळी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने या खुर्च्या भरायचा रस्ता काढला. नऊ खासगी कंपन्या नेमल्या आणि त्यांच्याकडून कंत्राटी माणसं घेण्याचा निर्णय जाहीर केला. पोरं रस्त्यावर आली, विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार आणि अंबादास दानवे तुटून पडले, आणि ऑक्टोबरात निर्णय मागे गेला. मागे घेताना देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की हे पाप आधीच्या आघाडी सरकारचं. असेल. आपल्याकडे पाप नेहमी आधीच्यांचं आणि जीआर नेहमी आत्ताचा.

पैशाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि डोक्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर. लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये. गरीब बाईच्या हातात पैसा जातो, त्याला नावं ठेवणाऱ्यातले आम्ही नाही. पण याद्या तपासल्या तेव्हा त्यात सरकारी नोकरीतल्याच दोन हजारांहून जास्त बहिणी निघाल्या. याद्या तपासणाऱ्यांच्याच जागा भरलेल्या नसल्यावर बहीण सख्खी की सरकारी, हे कोण बघणार?

हे सगळं सभागृहात उठून विचारायचं काम ज्याचं, त्याला विरोधी पक्षनेता म्हणतात. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, बंगला, गाडी. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला, उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या. नेतेपदाला दहावा हिस्सा, म्हणजे २९ जण लागतात, असा संकेत पुढे आला. असा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, असं विरोधकांचं म्हणणं. भास्कर जाधवांचं नाव गेलं आणि शिरढोणच्या रजेच्या अर्जासारखं वरच राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेतल्या दानव्यांची मुदत संपली आणि तीही खुर्ची रिकामी झाली. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याशिवाय पार पडलं.

म्हणजे रिक्त पदांबद्दल विचारणारं पदच रिक्त. अडीच लाखांत आणखी दोन मिळवा.

हे पद तरी कंत्राटी पद्धतीने भरावं, अशी आमची नम्र सूचना. अकरा महिन्यांचा करार, प्रश्न अगोदर लेखी द्यायचे, सभात्यागाचा वेगळा भत्ता नाही. नऊ कंपन्यांची यादी कुठल्यातरी कपाटात असेलच, जळली नसेल तर.

शिरढोणच्या कारकुनाला हा २९ चा हिशेब कुणी सांगितला असता तर? त्याच्यामागे रामोशी होते, दौलतराव नाईक होता, पण जाहीरनाम्याखाली नाव एकाचं. दौलतराव पळस्पे आणि चिखलीच्या दरोड्यांनंतर मारला गेला. फडके जुलैत विजापूरकडे देवर नावडगीला तापाने फणफणलेले सापडले. खटल्यात सार्वजनिक काका वकील म्हणून उभे राहिले, शिक्षा जन्मठेप, तुरुंग एडनचा. तिथे या माणसाने कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि पळाला. पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेला. वय ३७.

दर १७ फेब्रुवारीला त्याच्या नावाने हार पडतात, भाषणं होतात. यंदा जायचं असेल तर पळस्पे फाट्यावर गाड्या तुंबतात हे ध्यानात ठेवून तासभर आधी निघा. सरकारी नोकरीत असाल तर रजेचा अर्ज मात्र आत्ताच टाकून ठेवा.