वाया न जाणारे वर्तुळ

एका प्रक्रियेतील टाकाऊ पदार्थ दुसऱ्या प्रक्रियेचा कच्चा माल ठरवणाऱ्या चक्रीय अर्थव्यवस्थेचा अंगीकार महाराष्ट्राच्या साखर उद्योगाइतक्या मनोभावे क्वचितच कोणी केला असेल. गाळपाच्या उसाचा सुमारे 30 टक्के भाग बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा, होऊन बॉयलरमध्ये जळतो आणि विजेच्या रूपाने विकला जातो. मळीतून इथेनॉल निघते, तर प्रेसमडचे, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचे, खत होते. शासकीय पाठबळही तितकेच चक्रीय आहे, कारण इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जांना व्याजसवलत देऊन झाल्यावर केंद्राने डिसेंबर 2023मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली, काही दिवसांतच ती सैल केली, पुढील हंगामासाठी उठवली, आणि धोरण निघाले तिथेच सुखरूप परतले.

1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावयाचे असतात. परंतु ते शेतकऱ्याच्या हाती पडल्यास मुलांची फी, औषधपाणी अशा वाटांनी वर्तुळाबाहेर गळतील, हे ओळखून काही कारखाने ते दूरदृष्टीने खेळत्या भांडवलातच फिरवत ठेवतात. याच न्यायाने ऊस उत्पादकालाही उपपदार्थाचा अधिकृत दर्जा देता येईल, कारण पूर्ण पिळून झाल्यावरही सोसायटीचे नवे कर्ज काढण्याइतका ओलावा त्याच्यात उरतो, हे दर हंगामात सिद्ध होते. हरकत निघालीच तर लेखापरीक्षकांची निघेल: उपपदार्थाची किंमत त्याच वर्षी हिशेबात दाखवावी लागते.