डिरेक्टरीवाला मामा

माझ्या मेहुण्याला काम सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. ‘५३’ म्हणतो. एलडॅप नावाची एक नियमावली आहे; तिच्यात सर्व्हरने द्यायच्या उत्तरांना क्रमांक आहेत आणि ५३चा अर्थ ‘करण्याची इच्छा नाही’ असा अधिकृतपणे नोंदलेला आहे. आपल्याकडे कित्येक खिडक्यांवर हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलंय, पण त्याला नंबर द्यावा हे कुणाला सुचलं नाही.

मेहुणा पुण्यात बसून डिरेक्टरी सर्व्हर लिहितो, तोही ओपन सोर्स. म्हणजे कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. वाचत कुणी नाही, दुरुस्त्या सगळे सुचवतात. सासूबाई शेजारणींना सांगतात, ‘टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या करतो.’ फारसं चूक नाही ते. ऑफिसात तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा हा माणूस कोण, कुठल्या खात्यातला, याला काय काय उघडून द्यायचं, हे मागे बसून सांगतो तो डिरेक्टरी सर्व्हर. तो दिवसभर वाचतो आणि क्वचित लिहितो. मेहुण्याचंही तसंच. घरच्या ग्रुपवरचं सगळं वाचतो. लिहिलंच तर ‘कुठलं व्हर्जन?’ एवढं. हिने एकदा ताप आल्याचं कळवलं, तर ‘ताई, लॉग पाठव’ असं उत्तर आलं.

दारात कुरियरवाल्याने ‘अमुक इथेच राहतात का?’ विचारलं की हा विचारतो, ‘आपण कोण?’ त्यालाही कारण आहे. पासवर्ड चुकला काय किंवा त्या नावाचं कुणी मुळात नसलंच काय, नीट बसवलेला सर्व्हर दोघांनाही ४९ नंबरचं तेच उत्तर देतो. आत कोण आहे हे परक्याला कळता कामा नये. पार्सलं परत जातात.

घराण्याचा विषय निघाला की मात्र हा तासभर बोलतो. घराणं आमचं नव्हे, सॉफ्टवेअरचं. मूळ पुरुष मिशिगन विद्यापीठातला ‘स्लॅपडी’. त्याच्या कर्त्यांपैकी टिम हाउज १९९६मध्ये नेटस्केपला गेले, तिथे एक शाखा वाढली. नेटस्केपबरोबर ती एओएलच्या घरात गेली, २००४मध्ये रेड हॅटने विकत घेतली, २००५मध्ये कोड खुला केला आणि २००९मध्ये नवं बारसं होऊन तिचं नाव पडलं ‘३८९’. का, तर एलडॅपचा पोर्ट ३८९ नंबरचा. पोराला घरनंबराने हाक मारावी तसंच हे. दुसरी शाखा मिशिगनच्याच कोडवर १९९८पासून ‘ओपनएलडॅप’ म्हणून नांदते. मेहुणा ३८९कडचा, त्यामुळे ते चुलत. ‘२.४ काढली २००७ला, आणि २.५? २०२१ला!’ हे तो आनंदाने सांगतो. एलएमडीबी हा वेगवान डेटाबेस त्याच चुलत घरात तयार झाला आणि यांनीही तो घेतला, हे सांगताना आवाज उतरतो.

माझ्या मुलीच्या लग्नात आमंत्रणांची यादी त्याच्याकडे द्यायची कल्पना हिची. वहीत भागलं असतं. पण मामाने झाड उभं केलं: वर घराणं, खाली शाखा, टोकाला माणसं. पहिली अडचण आडनावांची. नियमाप्रमाणे माणसाच्या नोंदीला आडनाव हवंच, नसलं तर ६५ नंबरची चूक. आचारी नानांचं आडनाव आमच्या तीन पिढ्यांत कुणी विचारलेलं नाही. रात्री साडेअकराला फोन: ‘दाजी, नानांचं पुढे काय?’ शेवटी पत्रिका निघाली ‘श्री. नाना नाना’ यांच्या नावाने.

मग एका रुसक्या काकांना वगळायचं ठरलं. मेहुणा म्हणाला, ‘६६.’ ज्याच्याखाली नोंदी आहेत अशी नोंद काढता येत नाही. आधी पानं खुडायची, मग फांदी. काकांच्या खाली दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडं. म्हणजे सुरुवात सगळ्यात धाकट्या, दीड वर्षाच्या पोरापासून करायची. कुणाचा हात धजेना. काका सहकुटुंब आले आणि मठ्ठा आंबट असल्याचं सांगून गेले.

मुलीचं लग्न म्हणजे त्याच्या लेखी ‘मॉडिफाय डीएन’. नोंद एका फांदीखालून उचलायची, दुसरीखाली ठेवायची. मंगलाष्टकं चाललेली, मामा भाचीच्या पाठीशी उभा, आणि तशात त्याने वाकून तिला विचारलं, ‘आडनाव बदलणार आहेस का? आत्ताच सांग, एकदम करून टाकतो.’

अंतरपाटाकडची नजर न हलवता ती म्हणाली, ‘५३, मामा.’

लग्नानंतर आहेराचा हिशेब जुळवायला यादीची छापील प्रत विहीणबाईंकडे गेली. ती पाठवण्याआधी मी चाळायला हवी होती, असं ही अजून म्हणते. या डिरेक्टऱ्यांच्या जुन्या, १९९१च्या एका मसुद्यात माणसाचा फोन, खोली नंबर वगैरेंबरोबर ‘आवडतं पेय’ असाही रकाना आहे. थट्टा नव्हे, खरोखर आहे. रकाना दिसला की मेहुणा रिकामा सोडत नाही. साखरपुड्याच्या रात्री गच्चीवर त्याने व्याह्यांना विचारून घेतलं होतं, आणि त्यांनीही मोकळेपणाने सांगितलं होतं. त्या रकान्यात एकाहून जास्त नोंदी चालतात. व्याह्यांच्या नावापुढे तीन होत्या. त्यातली कोकम सरबताची एकच.