त्यामागे सायन्स आहे

देव मानणारा आणि देव न मानणारा, ही दोन माणसं महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहेत. ज्या पुण्याने आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, त्याच पुण्यात त्यांचा ‘सुधारक’ निघत होता आणि वाचलाही जात होता. भांडण कडाक्याचं, पण कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते तरी कळायचं. अलीकडे तिसराच एक नमुना बोकाळला आहे. हा देव मानतो, पण नुसतं मानून याचं भागत नाही. प्रयोगशाळेचा सहीशिक्क्याचा दाखला मिळाल्याशिवाय याचे हात नीट जुळत नाहीत.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हा नमुना पहिल्या मजल्यावर राहतो. पोरं त्यांना सायन्सकाका म्हणतात आणि ते त्यांनाही आवडतं. आयुष्यभर सरकारी नोकरीत ट्रान्सफॉर्मर सांभाळले, आता धर्म सांभाळतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर अष्टगंधाचा ठिपका. ठिपक्याकडे तुमची नजर गेली की संपलंच. “हा इथेच का लावायचा, माहितेय? बरोबर याच्या मागे पिनिअल ग्रंथी. गारवा पोचतो. त्यामागे सायन्स आहे.” देवळातली घंटा वाजली की मेंदूचे दोन्ही भाग एकत्र येतात. प्रदक्षिणेत चुंबकीय क्षेत्र असतं. नमस्कारात बोटांची टोकं दाबली जातात. सूर्यातून ओंकार निघतो आणि तो नासाने टेप करून ठेवला आहे. नासाचं नाव निघालं की काका थोडे ताठ होतात. जणू नासाची मुख्य कचेरी आळंदीला आहे आणि हे तिथले विश्वस्त.

गुरुजी मात्र वैतागतात. मागच्या श्रावणात काकांकडे सत्यनारायण होता. प्रसादाला सव्वा किलो रवा का, एक किलो का नाही, हे काकांनी तिसऱ्या अध्यायाच्या तोंडावर काढलं. सव्वा हे गुणोत्तर, त्याची कंपनं, पिरॅमिड, कुठल्याशा जर्मन शास्त्रज्ञाचं संशोधन असं बरंच काही झालं. गुरुजींना त्या दिवशी अजून दोन पूजा होत्या. ते शांतपणे म्हणाले, “काका, सव्वा घ्यायची पद्धत आहे. पळीभर पाणी सोडा.”

काकांच्या आई, माई, नव्वदीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, पुटपुटतात आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसतात. एवढ्या दोन मिनिटांच्या कार्यक्रमावर काकांनी केवढी इमारत उभी केली आहे. तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, हा तिचा पाया.

एकदा माझ्यासमोरच तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने साधेपणाने सांगितलं, “काका, हिरव्या झाडाला ऑक्सिजन बनवायला उजेड लागतो. रात्री तुळसही आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते.”

“तुळस अपवाद आहे,” काका म्हणाले.

“का?”

“म्हणून तर ती पवित्र.”

पवित्र का, तर ऑक्सिजन देते. ऑक्सिजन कशावरून देते, तर पवित्र आहे. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीतल्या कबुतराकडे पाहिलं. तेवढ्यात पलंगावरून माई बोलल्या, “अरे, ती माझ्या सासूबाईंच्या हातच्या तुळशीची आहे. मंजिऱ्या चुरून चुरून इथवर आणली. तिला पाणी घालायला तुझा ऑक्सिजन कशाला हवा?”

त्या खोलीत श्रद्धा फक्त माईंकडे होती आणि विज्ञान फक्त त्या मुलीकडे. काकांकडे दोन्हीच्या पावत्या होत्या.

काकांच्या तर्काचा दुसरा खांब म्हणजे स्वतः माई. माई तुळशीला पाणी घालतात, माई नव्वद वर्षं जगल्या, तेव्हा तुळशीने आयुष्य वाढतं. आपल्या न्यायशास्त्राने हे दोन हजार वर्षांपूर्वीच चाळणीला लावलं होतं. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे म्हणायचं, तर जिथे जिथे धूर तिथे तिथे आग हे आधी पक्कं हवं. स्वयंपाकघर हे सोयीचं उदाहरण झालं. पण तळ्याकडेही बघून यावं लागतं, की जिथे आग नाही तिथे धूरही नाही ना. धूर आहे पण आग नाही, असं एक जरी उदाहरण निघालं तरी हेतू, म्हणजे पुढे केलेली खूण, सव्यभिचारी ठरतो आणि अनुमान कोसळतं. (यात काकांच्या चारित्र्यावर शिंतोडा नाही, शास्त्रकारांनीच शब्द असा ठेवलाय.) आणि उदाहरण घरातच आहे. माईंच्या धाकट्या जाऊबाई त्याच तुळशीला पाणी घालत पन्नाशीत गेल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आपल्या आज्यांना कळत होतं. काका त्या कावळ्याचं वजन करून बसलेत.

काकांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे “पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.” कुठल्या पूर्वजांना, हे ते कधी सांगत नाहीत. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. ती लिहावी लागली, कारण समोर ईश्वर न मानणारे बौद्ध होते. बौद्धांचं सोडा, वेदांसाठी जीव टाकणारे मीमांसकसुद्धा जग निर्माण करणारा ईश्वर कशाला हवा म्हणून विचारत होते. चार्वाक तर अनुमानच मानायला तयार नव्हते. डोळ्यांना दिसेल तेवढं खरं. हे सगळे आपलेच पूर्वज, आणि एकमेकांना मुद्द्याला मुद्दा देऊन घाम फोडत होते. “हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे” असं कुणी त्या सभेत म्हटलं असतं, तर त्याला दक्षिणा न देता वाटेला लावला असता.

मला काकांचं खरं दर्शन घडलं ते 21 सप्टेंबर 1995 च्या गुरुवारी. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत डोंबिवलीत दुधाची पिशवी मिळेना. काका तेव्हा चाळिशीत. ऑफिसला दांडी मारून स्टीलचा चमचा घेऊन रांगेत उभे. त्यांचा नंबर आला, चमचा सोंडेला टेकला, दूध खरंच उतरलं आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. त्याची चेष्टा मी करणार नाही. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवून दाखवलं की दूध सोंडेवरून पातळ पापुद्र्यासारखं खाली ओघळतं. पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं जातं आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध नजरेला दिसत नाही. मी मुद्दाम काकांकडे गेलो. म्हटलं, आता काय म्हणता? काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “बघ! मी म्हणत नव्हतो, त्यामागे सायन्स आहे?”

मी तिथेच हात टेकले. दूध प्यायला तर चमत्कार, नाही प्यायला तर सायन्स. ज्या म्हणण्याला खोटं ठरायची वाटच ठेवलेली नाही, त्याच्याशी भांडायचं कुठून?

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, गणिताचे. कट्टर नास्तिक, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं फिरले. त्यांनी एकदा काकांना नारळीकरांची चाचणी सांगितली. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर, दाभोलकर आणि काही मंडळींनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, यातला हुशार कोण आणि मतिमंद कोण ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी शेहेचाळीस टक्के बरोबर.

“शेहेचाळीस!” काका उसळले. “अहो मास्तर, पस्तीसला पास होतं माणूस. तुम्हीच करत होतात.”

“भाऊसाहेब, नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी पन्नासच्या आसपास आली असती.”

काकांनी क्षणभर विचार केला. “जुनं नाणं असेल,” ते म्हणाले. “तांब्यात ऊर्जा असते.”

मास्तरांचं आणि माईंचं मात्र मेतकूट आहे. होळीला माई त्यांच्याकडे पुरणपोळी पाठवतात. “मास्तर देव मानत नाहीत, पण पुरण मानतात,” असं त्यांचं मत. मास्तर माईंना पेपर वाचून दाखवतात, आणि पंढरपूरच्या वारीची बातमी आली तर तीही पूर्ण वाचतात, मध्ये एक अक्षर न घालता. एकाला पुरावा हवा, दुसरीला तो नकोच, आणि दोघांनाही आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून दोघांचं जमतं.

काकांना तर्क येत नाही असं मात्र समजू नका. तो त्यांना उत्तम येतो. फक्त तो घराबाहेर चालतो. सोसायटीची सहल गोव्याला गेली होती. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी बघताना काकांचं रूपच पालटलं. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारलेल्या माणसाचा देह टिकलाच कसा? चुना घातला होता का? हवेतली आर्द्रता किती? तपासणी कुणी केली, ती तटस्थ होती का? आधी चमत्कार ठरवायचा आणि मग कारणं शोधायची, ही कुठली पद्धत? एकेक प्रश्न असा बिनतोड की आगरकरांनी पाठ थोपटली असती. शेजारी एक म्हातारी गोंयकार बाई डोळे मिटून उभी होती. तिने एक डोळा उघडून काकांकडे पाहिलं, अगदी माई बघतात तसं, आणि पुन्हा मिटला. दुसऱ्या दिवशी आमची बस बांद्याजवळ महाराष्ट्रात शिरली, पहिलं देऊळ दिसलं, काकांनी खिडकीतून हात जोडले आणि कळसाच्या आकाराने वैश्विक ऊर्जा कशी गोळा होते ते सांगायला लागले. तपासणी तटस्थ होती का, हा प्रश्न गोव्यातच राहिला.

त्यांना कोंडीत पकडलं ते शेवटी त्या बी.एस्सी.वाल्या मुलीनेच. वटपौर्णिमेचा दिवस होता. काकूंनी बाजारातून आणलेली वडाची फांदी कुंडीत खोचली होती आणि काका वडाच्या ऑक्सिजनबद्दल बोलत होते. तोडलेली फांदी किती ऑक्सिजन देणार, हे तिने विचारलंच नाही. तिने विचारलं, “काका, उद्या समजा पक्कं ठरलं की वडात तसलं काही नाही, तर काकू पूजा सोडतील का?”

“सोडेल कशी?”

“आणि तुळस रात्री ऑक्सिजन देत नाही म्हणून माईआजी पाणी घालायच्या थांबतील?”

“छे!”

“मग ऑक्सिजन मध्ये कुठून आला?”

काका गप्प झाले. काकूंनी सुताची गुंडी हातातच धरून पहिल्यांदा नवऱ्याकडे कौतुकाने नव्हे, कुतूहलाने पाहिलं. मला वाटलं, झालं, आता कायमचं मिटलं. पण तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: परंपरेवर प्रश्न विचारल्याने नकारात्मक लहरी तयार होतात, आणि हे सिद्ध केलंय. कुणी, ते विचारायची सोय नाही. खाली ‘जसं आलं तसं पुढे पाठवलं’ असं लिहिलं होतं.

तरी माणूस वाईट नाही. रात्री कुणाच्या घरातला फ्यूज उडाला तर काका चप्पल न घालता धावत येतात, आणि टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत. तेव्हा लहरी नाहीत, ग्रंथी नाही, पूर्वज नाहीत. फ्यूज बसवतात, दिवा लागला का ते बघतात, नाही लागला तर “माझं चुकलं, न्यूट्रल बघतो” म्हणतात. सायन्स खरं तर एवढंच आहे आणि ते काकांना हातात मुरलेलं आहे. देवघरात शिरताना मात्र टेस्टर बाहेर ठेवून फक्त त्याचं नाव आत नेतात. माझ्या मते यात देवाचाही अपमान आहे आणि टेस्टरचाही.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असणारच. वाद घालू नका, फुकट आहे. आमच्याकडे यायचं असेल तर एकादशीला या. काकूंची साबुदाण्याची खिचडी अप्रतिम असते. फक्त पानावर बसल्यावर काका सांगतील की 2016 सालचं नोबेल एकादशीच्या उपवासाला मिळालं. ते मिळालं ओसुमी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला, पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवतात ते यीस्टवर शोधून काढल्याबद्दल. हे सांगायला जाऊ नका. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यावर इकडे रुळलेले, हेही काढू नका. काका दुसरी थाळी घेत असतील. तुम्हीही घ्या, आणि लिंबू मागून घ्या.