स्वस्त दुर्बीण दीर्घायुषी कशी करावी : कळमन्यातल्या हौशी मंडळींसाठी

नागपुरात बर्डीवर दोन-अडीच हजारांत खिशात मावणारी दुर्बीण मिळते. शिकारीसाठी उत्तम, अशी तिची जाहिरात असते. ती वाचून कळमन्याच्या ग्राहकाने लगेच कामाला लागू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि पहिल्या अनुसूचीतल्या जनावराची शिकार केली तर किमान तीन वर्षे आत जावे लागते. मारणे तर सोडाच, जनावर हाकणे आणि त्याला आमिष लावणेही शिकारीतच धरतात. अर्थात दुर्बीण टिकवण्याचा शिकार हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे हे कबूल करावे लागेल. जप्तीच्या मुद्देमालात पडलेल्या दुर्बिणीला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. पण मालक बाहेर असताना ती टिकावी अशी इच्छा असेल, तर पुढील विधी पाळावेत.

आधी खरेदी. दुर्बिणीवर 30 गुणिले 60 असे काही भव्य लिहिलेले असले, तर खिशातून पट्टी काढावी आणि पुढची काच मोजावी. ती बहुधा 21 ते 25 मिलिमीटर भरते. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी आणि डोळ्याच्या काचेत दिसणारा प्रकाशाचा ठिपका पाहावा. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागले की त्या ठिपक्याचा आकार येतो. 8 गुणिले 21 असेल तर अडीच मिलिमीटरच्या आसपास. तीस पट खरी असती, तर एवढ्याशा काचेतून ठिपका एक मिलिमीटरचाही उरला नसता. दुकानदार म्हणेल, ‘एवढं कोणी पाह्यत नाही भाऊ.’ आपण पाहावे. अडत्याच्या काट्याकडे डोळ्यात तेल घालून पाहणाऱ्या माणसाने इथेच का डोळे मिटावेत?

लाल चमकणाऱ्या काचेचा मोह टाळावा. ही काच लाल प्रकाश परत फेकते, म्हणून आतले दृश्य हिरवट-निळसर दिसते. परीक्षा सोपी आहे. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या यार्डातल्या ढिगाकडे तिच्यातून पाहावे. पिकलेली संत्री कच्ची दिसू लागली, तर ही दुर्बीण विकत घेण्यापेक्षा भाव पाडायला वापरावी. वाघाचेही तेच होते. ऐंशी किलोमीटर जाऊन फिक्कट वाघ पाहायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

आता मिरची. जंगलातले काटे, धूळ, दव यांची सगळे चर्चा करतात. कळमन्याच्या दुर्बिणीचा खरा वैरी मिरची यार्डात बसलेला आहे. हिवाळ्यात आवक सुरू झाली की भिवापूरपासून आंध्र-तेलंगणापर्यंतच्या लाल ढिगांवरून जी हवा येते, तिने ठसका लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती हवा दुर्बिणीच्या रबरी डोळवाट्यांच्या घडीत बारीक पूड होऊन बसते, हे कोणी लक्षात घेत नाही. दुकानातून थेट गळ्यात दुर्बीण अडकवून पेंचच्या सिल्लारी गेटवर गेलेला एक गृहस्थ असा : समोर वाघीण रस्ता ओलांडते आहे, याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि घळाघळा पाणी सुरू. गाइडला वाटले, साहेब भावनावश झाले. त्याने आदराने आवाज खाली आणला. वाघीण गेली, साहेब अर्धा तास रडतच होते. म्हणून हंगामात दुर्बीण दुकानात न्यायचीच नाही. नेलीच तर डोळवाट्या काढून साध्या पाण्याने धुवाव्यात, निघत नसतील तर ओल्या फडक्याने घड्या पुसाव्यात. काचेला त्या फडक्याने हात लावू नये.

काच पुसण्याचा आपल्याकडचा प्रघात म्हणजे खांद्यावरचा दुपट्टा. दुपट्ट्यात यार्डातली सगळी धूळ असते आणि धुळीतली वाळू काचेवरचा लेप खरवडते. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मऊ ब्रश फिरवावा, शेवटी चष्म्याचे स्वच्छ कापड मधून कडेकडे हलके न्यावे. तोंडाने फुंकर मारायचीच असेल, तर त्या वेळी तोंडात खर्रा नसावा. हा नियम कठीण आहे, याची जाणीव लेखकाला आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचे वेगळेच. मे 2013 मध्ये इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून किती तरी अधिक तापते. तिथे ठेवलेल्या स्वस्त दुर्बिणीतले ग्रीस पातळ होऊन काचेवर आतून धूसर पडदा धरते, चिकटवलेले भाग सुटतात आणि फोकसचे चाक एक तर घट्ट होते, नाही तर नुसतेच फिरत राहते. मग माणूस शहाणपणा करतो आणि दुर्बीण ‘थंडाव्यात’, म्हणजे कूलरच्या खोलीत ठेवतो. याहून मोठी चूक नाही. खस ओली, हवा दमट, खिडकी अर्धवट उघडी : बुरशीला एवढेच हवे असते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरले की ते लेपात शिरतात आणि पुसून जात नाहीत. जी जोडी नायट्रोजन भरून सील केलेली असते तिला आतून भीती कमी. दोन हजारांच्या जोडीत बहुतेक वेळा फक्त कळमन्याचीच हवा भरलेली असते.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा डबा आणि बुटांच्या खोक्यातून फेकून देतो त्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे खडे मिळाले तर उत्तम. निळ्याचे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. डबा आईच्या कपाटात डांबर गोळ्यांशेजारी ठेवू नये, आणि तांदळात तर मुळीच पुरू नये. तांदळाची भुकटी काचेला नकोच.

आता जिप्सी. ताडोब्यात सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे रिकाम्या हातांचा सगळा रोख गाडीतल्या एकुलत्या दुर्बिणीकडे वळतो. सहा पाव्हणे, प्रत्येकाच्या डोळ्यांतले अंतर निराळे. ‘दिसून राह्यला का?’ ‘मले पाहू दे ना बे!’ असे म्हणत जो तो बिजागरी उघडतो, मिटतो, चाक फिरवतो. खिशातल्या दुर्बिणीला बहुधा दोन बिजागऱ्या असतात आणि आधी सैल होतात त्या त्याच. उजव्या डोळ्याजवळ एक बारीक कडे असते, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढण्यासाठी. ते आपल्या डोळ्याला जुळवून एकदाच चिकटपट्टीने बांधून टाकावे. दोरी गळ्यातून काढून देऊ नये. पाहायचे असेल त्याने आपल्या गळ्याजवळ यावे. मेहुणा असला तरी.

कारण दुर्बीण एकदा गाडीतून पडली की आतले लोलक सरकतात आणि एका वाघाचे दोन दिसतात. वनखाते ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोंत पट्टे ओळखून वाघ मोजते म्हणून बरे, नाही तर विदर्भातले वाघ एका उन्हाळ्यात दुप्पट झाले असते. पडझड झाली की गच्चीवरून कळमना स्टेशनकडची विजेची तार पाहावी. एक तार दोन दिसली आणि डोके दुखू लागले, तर विषय संपला. लोलक पुन्हा जुळवायला जो खर्च येतो, त्यात नवी जोडी येते.

पेंच-ताडोब्याचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. या तीन महिन्यांत डबा उघडू नये, कोणी दुर्बीण मागायला आले तर चहा द्यावा आणि मोबाइलवरचा वाघ दाखवावा.