पहिलं ई-बुक : श्रीगणेशा ते श्रीगणेशा

अभिनंदन! तुम्ही ई-बुक लिहायचं ठरवलंत, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे लिहिणं, पण त्याची काही घाई नाही. मी स्वतः या क्षेत्रात चार वर्षं आहे. आज माझ्याकडे लिहायची सात ॲप्स, दोन कीबोर्ड, मान वाकवता येणारा एक दिवा आणि पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान आहे. तेव्हा पुढचं सगळं अनुभवाचे बोल म्हणून वाचा.

1. आधी जाहीर करा. विषय सुचायची वाट बघू नका. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चहाचा कप, त्याच्या शेजारी वही आणि खाली एक ओळ टाका : ‘नवं काहीतरी शिजतंय…’ माझ्या स्टेटसवर ठाण्याच्या मावशीनं लगेच विचारलं, ‘बिर्याणी का रे?’ अशा प्रश्नांनी खचू नका. वाचकवर्ग असाच तयार होतो.

2. थोरांची उदाहरणं मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढणारच. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहिली, वगैरे. नम्रपणे ऐकून घ्या आणि मग शांतपणे विचारा : तिथे वाय-फाय होतं का? नव्हतं. हल्ली त्याच एकांतासाठी आपल्याला ॲपला वर्षाची वर्गणी भरावी लागते. सगळे मेनू गायब, काळा पडदा, मधोमध लुकलुकणारी एक रेघ आणि हवा असेल तर टाइपरायटरचा खटखट आवाज. गुरुजींना ही सोय सरकारी खर्चानं मिळाली होती.

दुसरं उदाहरण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं. हा गृहस्थ आपल्या जाडजूड कादंबऱ्या डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार 4.0 मध्ये लिहितो. संगणकाला इंटरनेटही नाही. मालिकेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला आणि सहाव्यासाठी वाचक दहा वर्षांहून जास्त ताटकळले. यातून योग्य तो धडा घ्या. रखडणं कुठल्याही साधनावर जमतं, पण नव्या साधनावर ते जास्त सुखाचं होतं.

3. साधन निवडा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची, हिला किमान दोन महिने द्या. स्क्रिव्हनर घेतलंत तर प्रत्येक प्रकरणाचं वेगळं कार्ड होतं आणि ती कार्डं पडद्यावरच्या बोर्डावर टाचता येतात. माझ्या कादंबरीत एक आजी आहे. तिच्या कार्डावर मी नऊवारीचे एकोणीस फोटो, पानपुडा आणि तिच्या माहेरच्या गावाचा नकाशा लावला. आजी अजून एक शब्द बोललेली नाही, पण तयारी पूर्ण आहे. स्क्रिव्हनर महाग वाटलं तर फुकटातली शोधा, ती सापडली की ‘फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार’ म्हणून परत महागाकडे वळा.

मग एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता करा. किंमत, फोनवर चालतं का, पडदा काळा होतो का, मराठी जोडाक्षरं फुटतात का, असे रकाने आखा आणि त्यांत रंग भरा. माझा तक्ता चौदा पानांचा झाला. ती माझी आजवरची सर्वांत दीर्घ साहित्यकृती.

4. मराठी टायपिंगचं बघा. इथे भल्याभल्यांची दमछाक होते. शास्त्रशुद्ध मार्ग इनस्क्रिप्टचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, संगणकात आधीपासून असतो, पैसे पडत नाहीत. म्हणून तो शिकायचं दर पाडव्याला ठरवा. तोवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारं काहीतरी वापरा, म्हणजे माझ्यासारखी मौज अनुभवाल. माझं पहिलं वाक्य होतं : ‘आचाऱ्यांनी पातेलं उतरवलं.’ पडद्यावर आलं : ‘आचार्यांनी पातेलं उतरवलं.’ पुन्हा टाइप केलं, पुन्हा आचार्यच. सबंध रविवार ते तपस्वी माझ्या लग्नघरात आमटी ढवळत होते. इनस्क्रिप्टवर हा ‘ऱ्य’ शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ इतक्यात येतो, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मी आचाऱ्याला कामावरून काढून एक स्वयंपाकीणबाई नेमल्या होत्या. पुढे कथानकच त्यांच्याकडे झुकलं. झुकलं असतं, म्हणजे, लिहिलं असतं तर.

बोटं दुखत असतील तर बोलून लिहा. मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून आजीचं स्वगत सांगत होतो. मजकुरात ‘दूध बघ रे उतू चाललंय लक्ष कुठे आहे’ हे आईचं वाक्य विरामचिन्हांशिवाय आलं. घरच्यांच्या मते सबंध पानात तेवढाच भाग जिवंत आहे.

जुनं लेखन असेल तर तेही बाहेर काढा. डीटीपीच्या जमान्यातले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसला की खालचं रोमन उघडं पडतं. युनिकोडनं देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले, पण आपल्या 2003 च्या कथेला ते कोण सांगणार? ‘पावसाची सर आली’च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर दिसतील. घाबरू नका. प्रयोगशील कविता म्हणून दिवाळी अंकाला पाठवा.

5. वेळेचं नियोजन. पोमोडोरो पद्धत वापरा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं टोमॅटोच्या आकाराच्या, स्वयंपाकघरातल्या टायमरवरून तिला हे नाव दिलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. नवशिक्यांनी आधी विश्रांतीचा भाग पक्का करावा.

6. फाइल ‘ईपब’ करा. लिहायचं राहिलं असलं तरी करा, हात बसतो. कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम. कोविद गोयल या भारतीयानंच ते उभं केलं, तेव्हा निदान अभिमानापोटी तरी उतरवून घ्या. ईपब म्हणजे झिप करून बांधलेली वेबपानं. फाइलचं शेपूट बदलून आत डोकावता येतं. आत आपलं एकच पान आणि भोवती ते सांभाळायला नेमलेल्या फाइलींचा गोतावळा बघून मला तर भरून आलं.

7. आयएसबीएन. किंडलवरच्या ई-बुकला तो लागत नाही, ॲमेझॉन आपला वेगळा नंबर देतं. लागत नाही म्हणून जरूर मागा. भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो. तेरा आकडे आहेत, दुसऱ्या पानाची सोय होते.

8. किंमत ठरवा. डिसेंबर 2016 पासून किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, म्हणजे श्रीमंत व्हायला उशीर आधीच झालाय. मानधनाचे पर्याय दोन, 35 टक्के आणि 70 टक्के. किंमत 99 रुपये ठेवलीत तर 35 टक्क्यांनी प्रत्येक प्रतीमागे 34 रुपये 65 पैसे. 70 चा मोह झाला तर आधी अटी वाचा. भारतातल्या विक्रीवर ते हवे असतील तर पुस्तक एका योजनेत घालावं लागतं आणि मग 90 दिवस त्याचं ई-रूप दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. त्याच 90 दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट वाटायची मुभा मिळते. नातेवाइकांना मात्र हा पाच दिवसांचा हिशेब सांगत बसू नका. त्यांच्याकडे वर्षभर चालणारी योजना आहे, तिचं नाव ‘पीडीएफ पाठव ना’.

ठाण्याच्या मावशीनं गेल्या आठवड्यात तेच मागितलं. मी गाडीत होतो, घाईत फोनवरून फाइल पाठवली. घरी येऊन बघतो तर चौदा पानी तुलनेचा तक्ता गेलेला, रंगांसकट. पुसून टाकणार तेवढ्यात तिचं उत्तर दिसलं : ‘एका बैठकीत वाचलं रे. आजी अगदी डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसरा भाग कधी?’